पाठमोरी मुलगी आणि लघुचित्राचे नियम

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेल्या कुणालाही विचारा, चित्रकलेत आधी काय शिकवतात? समोर दिसतं तसं काढा. लांबचं लहान, जवळचं मोठं. उजेड डावीकडून येत असेल तर सावली उजवीकडे. हे एकदा डोक्यात बसलं की मुघल किंवा राजस्थानी लघुचित्र बघताना मन अडखळतं. महालाची भिंत समोरून दिसते, अंगणातला हौद मात्र थेट वरून. गच्चीवरचा माणूस खालच्या दरवानाएवढाच मोठा. सावली कुणालाच नाही. नक्षीकाम बघून आपण 'वा' म्हणतो आणि मनात म्हणतो, हाई काय शे भो? चित्रकाराला यथार्थदर्शन येत नव्हतं की काय?

येत होतं. त्याचा लेखी पुरावा आहे आणि तो पुरावा लिहिणारा माणूस आपल्याच खानदेशातून गेलेला आहे. इंग्लंडच्या राजाचा दूत सर टॉमस रो १६१५ मध्ये सुरतेला उतरला आणि जहांगीर बादशहाला भेटायला अजमेरकडे निघाला. त्याचा रस्ता नंदुरबार, थाळनेर, चोपडा करत बुऱ्हाणपूरला पोचत होता. पुढच्या वर्षी त्याने जहांगीरला एक इंग्रजी लघुचित्र दाखवलं, युरोपी पद्धतीने छाया देऊन काढलेलं. जहांगीर म्हणाला, माझा चित्रकार याची अशी नक्कल करेल की तुमचं चित्र कोणतं ते तुम्हाला कळणार नाही. पैज लागली. मग एका रात्री रोपुढे एकाच फळीवर चिकटवलेली सहा चित्रं आली, एक त्याचं आणि पाच बादशहाच्या चित्रकाराची. मेणबत्तीच्या उजेडात त्यांतलं आपलं कोणतं हे ठरवताना आपण गोंधळलो, असं रोनेच रोजनिशीत लिहून ठेवलंय. शेवटी त्याने आपलं चित्र ओळखलं, पण जहांगीरचं काम झालं होतं.

म्हणजे छाया, गोलाई, खोली हे सगळं त्या चित्रकारांच्या हातात होतं. हवं तिथे ते वापरत, नको तिथे सोडून देत. आणि दुसरी गोष्ट, नक्कल करणं या परंपरेत कमीपणाचं नव्हतं. हात तिथेच घडायचा. आजच्या एका चित्रकर्तीचं काम समजून घ्यायचं तर ही दुसरी गोष्ट जास्त उपयोगी पडते. तिचं नाव शाझिया सिकंदर. जन्म १९६९, लाहोर. आता न्यूयॉर्कला असते. लघुचित्राची जुनी शिस्त घेऊन ती आजच्या काळात आणणाऱ्यांत तिचं नाव सगळ्यात आधी घेतलं जातं. 'आधी' या शब्दाबद्दल मला थोडं बोलायचंय, ते पुढे.

हे चित्र मुळात बघायचं कसं

लघुचित्र भिंतीवर टांगण्यासाठी नव्हतं. ते पोथीत असे किंवा मुरक्क्यात, म्हणजे सुटी चित्रं आणि सुलेखनाची पानं एकत्र बांधलेल्या संग्रहात. बघणारा ते मांडीवर घेऊन, मान खाली घालून, हातभर अंतरावरून बघायचा. एका नजरेत सगळं दिसावं ही अपेक्षाच नव्हती. पान वाचतात तसं ते वाचायचं: इथे राजा बसलाय, त्या खिडकीत कुणी कान देऊन उभं आहे, मागच्या दाराने दासी निघालीय. एकाच जागी उभं राहून बघितलं तर भिंतीआडचं दिसणार नाही. म्हणून चित्रकार भिंत कापतो, हौद उभा करतो, गच्ची पुढे ओढतो. गोष्टीला जे लागतं ते दिसलं पाहिजे, एवढाच नियम.

आणि हे एकट्याचं काम नसे. हुमायूनने इराणहून मीर सय्यद अली आणि अब्दुस समद हे दोन उस्ताद आणले. अकबराच्या काळात त्यांच्या हाताखाली चित्रशाळा उभी राहिली आणि कापडावरची सुमारे १४०० चित्रं असलेला 'हम्झानामा' हा साहसकथांचा ग्रंथ तयार झाला. त्याला पंधरा वर्षांच्या आसपास लागली. एक जण रेखाटन करणार, दुसरा रंग भरणार, चेहरे करायला खास तिसरा. कुणी काय केलं याची नोंद कारकून चित्राखाली समासात करून ठेवत, म्हणून आपल्याला नावं कळतात. त्यातला दसवंत हा पालखी वाहणाऱ्या कहाराचा मुलगा. भिंतींवर चित्रं काढायचा, ती अकबराच्या नजरेस पडली, अशी हकिकत अकबराचा दरबारी इतिहासकार अबुल फझलने दिलीय.

तेव्हा 'शुद्ध भारतीय' किंवा 'शुद्ध मुघल' लघुचित्र असं काही शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. इराणी रेषा, गुजरातेतल्या जैन पोथ्यांचे भडक रंग, पोर्तुगीज पाद्र्यांनी आणलेली छापील चित्रं, सगळं एका हौदात. सातपुडा ओलांडून मांडूला गेलं तर त्याचा आणखी आधीचा नमुना सापडतो. १५०० च्या सुमारास तिथल्या ग्यासुद्दीन सुलतानासाठी पाककृतींची एक सचित्र पोथी तयार झाली, 'निमतनामा'. आज ती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. मोठाल्या मिशांचा सुलतान बसलाय आणि पुढ्यात बायका समोसे करतायत, अशी चित्रं. गवत, फुलं, आकाश इराणातल्या शिराझच्या वळणाचं, आणि काही बायका नाका-डोळ्यांनी, कपड्यांनी थेट इथल्या.

खानदेशही या रहदारीच्या मधोमध होता. बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असलं तरी रावेर सोडलं की काही मिनिटांत गाडी तिथे पोचते, आणि मुघलांच्या खानदेश सुभ्याचं मुख्य ठाणं तेच. १६०१ मध्ये अशीरगड अकबराच्या हाती गेला, फारुकी सुलतानांचं राज्य संपलं, आणि दख्खनच्या मोहिमांसाठी तिथे बरीच वर्षं मुक्काम ठोकून होता तो अब्दुर रहीम खानखाना. ज्याचे दोहे आपण हिंदीच्या पुस्तकात पाठ केले तोच. त्याची स्वतःची चित्रशाळा होती. त्याच्यासाठी रामायणाच्या फारसी भाषांतराची एक सचित्र प्रत झाली, ती आता वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयात आहे. तुर्की वंशाचा सरदार, फारसी मजकूर, रामाची कथा, आणि चित्रकारांच्या यादीत मुश्फिक, कासिम यांच्याबरोबर गोवर्धन आणि श्यामसुंदर. बुऱ्हाणपूरची ओळख आपल्याकडे मुमताज महलचा मृत्यू आणि मावा जिलेबी इथे येऊन थांबते. ही ओळख त्यात जोडायला हरकत नाही.

मुंबईहून लाहोरला गेलेला प्राचार्य

दरबार संपले तशा चित्रशाळाही विखुरल्या. इंग्रजांनी कलाशाळा काढल्या. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये १८६५ मध्ये दोन तरुण शिक्षक आले, जॉन ग्रिफिथ्स आणि जॉन लॉकवुड किपलिंग. ग्रिफिथ्स पुढे विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला आला. १८७२ पासून सुमारे बारा-तेरा वर्षं ही मुलं लेण्यांत राहून भित्तिचित्रांच्या नकला करत होती. त्या नकला लंडनला गेल्या आणि त्यातल्या बऱ्याचशा १८८५ च्या आगीत जळाल्या. किपलिंग १८७५ मध्ये लाहोरला नव्याने निघालेल्या मेयो स्कूलचा पहिला प्राचार्य म्हणून गेला. त्याच मेयो स्कूलचं पुढे नॅशनल कॉलेज ऑफ आर्ट्स झालं, आणि शाझिया तिथेच शिकली.

या शाळांनी परंपरा जपली हे खरं. पण जपणं म्हणजे आहे तशी उतरवून ठेवणं, असा अर्थ त्यातून रुजला. लघुचित्राचं तेच झालं. उदयपूर-जयपूरच्या दुकानांत जुन्या स्टॅम्पपेपरवर काढलेले हत्ती-घोडे मिळतात ना, ते त्याचंच टोक. हात कसलेला असतो, त्याबद्दल वाद नाही. पण तोच हत्ती तशाच अंबारीसह पुन्हा पुन्हा येतो, कारण गिऱ्हाइकाला तोच हवा असतो.

फाळणीने आणखी एक गोष्ट केली. लाहोरच्या संग्रहालयातल्या वस्तू १९४८ मध्ये वाटून घेतल्या गेल्या, ६० टक्के तिकडे, ४० टक्के इकडे. आपल्या वाट्याला आलेली पहाडी, म्हणजे हिमालयाच्या पायथ्याच्या संस्थानांतली, चित्रं आज चंडीगढच्या संग्रहालयात आहेत. राधाकृष्णाची चित्रं कुणाची आणि बादशहांची कुणाची, असा हिशेब त्यानंतर लोकांच्या मनात आपोआप बसला. एका हौदातलं पाणी दोन घागरींत भरल्यावर काय होणार.

लाहोरच्या कॉलेजात पतियाळा दरबारच्या चित्रकार घराण्यातले हाजी मुहम्मद शरीफ यांच्यासारखे उस्ताद शिकवून गेले होते. त्यांच्या हाताखाली तयार झालेले बशीर अहमद यांनी १९८२ मध्ये लघुचित्राचा स्वतंत्र विभाग सुरू केला. शाझिया तिथे गेली तेव्हा झिया-उल-हक यांच्या लष्करी राजवटीची शेवटची वर्षं चालू होती. बरोबरच्या मुलांना आधुनिक चित्रकार व्हायचं होतं. लघुचित्र म्हणजे पर्यटकांना विकायचा माल, अशी त्यांची समजूत. शाझियाने सगळ्यांनी नाक मुरडलेला विषय घेतला.

कागद, खार आणि चहा

आता थोडं कामाजवळ जाऊ, कारण या कलेत कारागिरी बाजूला ठेवून कल्पनेबद्दल बोलता येत नाही.

कागद बाजारचा चालत नाही. हातकागदाचे पातळ ताव एकावर एक खळ लावून चिकटवायचे आणि त्यांचा जाड, टणक थर तयार करायचा. त्याला वसली म्हणतात. खळीत मोरचूद घालतात, कसर लागू नये म्हणून. आपल्याकडे केळी-द्राक्षांवर फवारायच्या औषधात असतं तेच. वाळल्यावर कवडीने किंवा अकीकाच्या गोट्याने कागद घोटायचा, गुळगुळीत होऊन चमकेपर्यंत. घोटणी नीट झाली नसेल तर बारीक रेषा फुटते, आणि मग मागे येता येत नाही.

कुंचला खारीच्या शेपटीच्या केसांचा. केस निवडायचे, टोकं जुळवायची, पिसाच्या दांडीत ओवून बांधायचे. विद्यार्थ्याने स्वतःचा कुंचला स्वतः बांधायचा अशी रीत. रंग खनिजांचे आणि वनस्पतींचे: हिंगूळ, हरताळ, गेरू, नीळ, दिव्याची काजळी. त्यात बाभळीचा डिंक. रंग कालवायला शिंपले. चित्रकार जमिनीवर बसतो, फळी गुडघ्याला टेकलेली, चेहरा कागदाच्या इतका जवळ की श्वास लागेल.

रेखाटन एका कागदावरून दुसऱ्यावर न्यायची रीत तर आपल्या घराघरांत होती. भरतकामाचा नमुना ट्रेसिंग पेपरवर काढून, रेषांवर सुईने भोकं पाडून, नीळ कालवलेलं रॉकेल फिरवून कापडावर उतरवायच्या बायका. चित्रशाळेत हेच कोळशाच्या पुडीने करत आणि त्या भोकं पाडलेल्या नमुन्याला खाका म्हणत. एक चांगला खाका पिढ्यान्‌पिढ्या चाले. घोडा तोच, स्वार बदलला.

आणि मग परदाख्त. हे समजलं की लघुचित्र निम्मं समजलं. गालावरची गोलाई दाखवायला इथे रंग ओला असताना मिसळत नाहीत. कुंचला जवळजवळ कोरडा करून केसाएवढ्या रेघा किंवा टिंबं शेजारी शेजारी टाकत जायचं, एका थरावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा. हातभर अंतरावरून कातडी मऊ, सलग दिसते. भिंग लावलं की नुसत्या रेघा. एका तळहाताएवढ्या तुकड्यावर आठवडे जाऊ शकतात. रंग दाट, खालचा कागद झाकणारे असले तर गद रंग, पातळ आणि मोजके असले तर नीम रंग, आणि नुसत्या काळ्या शाईची बारीक कामगिरी म्हणजे स्याह कलम. विद्यार्थी हे सगळं जुन्या चित्रांच्या नकला करत शिकतो: आधी इराणी, मग मुघल, मग कांगड्याची पहाडी शैली वगैरे.

शाझियाने हे सगळं निमूटपणे शिकून घेतलं. त्यात एक साधी गोष्ट होती: वसलीला चहाच्या पाण्याने रंग दिला. कोऱ्या कागदाला त्याने जुनाट, तपकिरी झाक येते. लाहोरच्या कुठल्याही स्वयंपाकघरातली वस्तू हिंगूळ-हरताळाच्या रांगेत जाऊन बसली.

घरभर फिरणारी मुलगी

१९८९-९० मध्ये पदवीसाठी तिने जे चित्र काढलं त्याचं नाव 'द स्क्रोल'. लघुचित्र हातात मावणारं असतं, हे मात्र जवळजवळ १६२ सेंटिमीटर लांब, म्हणजे पाच फुटांहून जास्त, आणि उंची फक्त फूटभराहून किंचित अधिक. एक लांबच लांब पट्टी. त्यात महाल नाही, शिकार नाही, दरबार नाही. लाहोरमधलं एका मध्यमवर्गीय कुटुंबाचं आधुनिक घर आहे. खोल्या, जिना, अंगण, घरातल्या माणसांची नेहमीची कामं, ये-जा. आणि या घरात एक मुलगी फिरते. पांढऱ्या कपड्यांतली, अर्धवट पारदर्शक, पलीकडची फरशी तिच्यातून दिसावी इतकी. तीच मुलगी प्रत्येक खोलीत आहे, आणि प्रत्येक खोलीत आपल्याकडे पाठ करून. तिचा चेहरा कुठेही दिसत नाही. चित्राच्या शेवटी ती एका कागदापुढे उभी राहून चित्र काढतेय. कुणाचं? स्वतःचंच. तिथेही ती आपल्याला पाठमोरीच.

आता सुरुवातीच्या हौदाकडे आणि गच्चीकडे बघा. लांब जाताना जुळत जाणाऱ्या रेल्वेच्या रुळांचं यथार्थदर्शन वापरलं असतं तर शाझियाला एका वेळी एकच खोली दाखवता आली असती, आणि बघणारा दारात उभा राहिला असता. तिने इराणच्या सफवी बादशहांच्या काळातल्या चित्रांतली जुनी युक्ती घेतली. भिंती कापल्या, जमिनी उचलल्या, अनेक बाजूंनी एकदम बघितलं. त्यामुळे अख्खं घर उघडं पडतं आणि मुलगी मोकळेपणी त्यातून जाते. जी पद्धत आपण 'चित्रकाराला येत नव्हतं' म्हणून बाजूला टाकतो, तिच्याशिवाय हे चित्र निघूच शकलं नसतं.

माझं मत विचाराल तर तिचं सगळ्यात पक्कं काम आजही हेच. कारागिरीचा नियम एकही मोडलेला नाही: वसली तीच, परदाख्त तीच, हाशियाची, म्हणजे चित्राभोवतीच्या समासाची, समज तीच. बदललं काय, तर चित्रात येण्याचा अधिकार कुणाला, हे. दरबारी चित्रात बाई असते ती बहुधा नायिका, दासी किंवा गाणारी, आणि ती बघण्यासाठी असते. इथली मुलगी बघू देत नाही. बायकांवर हुदूद कायद्यांचं, म्हणजे झियांनी धर्माच्या नावाने आणलेल्या कडक फौजदारी कायद्यांचं, सावट असलेल्या देशात, एका विद्यार्थिनीने, घोषणा न लिहिता हे केलं. पाठमोरी उभी राहणं एवढंच.

केसांचे पक्षी

१९९३ मध्ये शाझिया अमेरिकेला गेली, १९९५ मध्ये ऱ्होड आयलंडच्या कलाशाळेतून तिने पुढची पदवी घेतली. तिथे तिचं काम सुटं झालं. परदाख्तने महिनोन्‌महिने केलेल्या आकृतीवर ती आता शाईचा एक फटकारा ओढायला लागली. देवी आणि बुरखा, कांगड्याची नायिका आणि इराणी शिपाई एकाच कागदावर यायला लागले. वाटून घेतलेला तो संग्रह तिने पुन्हा एकत्र करायला घेतला, असं म्हणता येईल.

याच काळातली तिची एक कल्पना जवळून बघण्यासारखी आहे. कृष्णचित्रांत गोपी घोळक्याने असतात. शाझियाने त्यातल्या गोपी घेतल्या, आणि मग चेहरा, अंग, वस्त्र सगळं काढून टाकलं. उरला फक्त अंबाड्याचा काळा आकार. तो एकटा बघितला तर कुणाचा आहे ते ओळखता येत नाही. पक्ष्यासारखा दिसतो, वटवाघळासारखाही. असे शेकडो आकार एकत्र केले की थवा होतो. २००३ च्या 'स्पिन' या तिच्या चलत्‌चित्रात मुघल दरबाराचा दिवाणखाना आहे. त्यात हळूहळू गोपी भरत जातात, बादशहाच्या जागेत नुसत्या बायकाच बायका होतात. मग त्यांची शरीरं विरतात, केस उरतात, आणि त्या केसांचा काळा थवा दरबारभर घोंघावत सुटतो. हाताने काढलेली चित्रं संगणकावर नेऊन हलवलेली, एवढीच तांत्रिक करामत. पण घोळक्यातली एक म्हणून जिला नाव नव्हतं तिचं बळ त्यातून दिसतं. भक्त म्हणून गोपीचित्रांकडे बघणाऱ्याला हे खटकू शकतं, तेही मी समजू शकतो.

याच खाक्याच्या सवयीने तिचे आकार एका कामातून दुसऱ्या कामात जातात. पायांच्या जागी मुळं असलेली एक स्त्री आहे. मुळं जमिनीत जात नाहीत, वळून तिच्यातच परत येतात. ही १९९३ च्या एका चित्रात आहे, आणि ३० वर्षांनी, २०२३ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये तीच सोनेरी पुतळा होऊन उभी राहिली. एक पुतळा मॅडिसन स्क्वेअर पार्कात, दुसरा शेजारच्या न्यायालयाच्या छपरावर, जिथे तोवर सगळे पुरुष कायदेपंडित उभे होते. पार्कातला १८ फुटी पुतळा, नाव 'विटनेस', पुढे ह्यूस्टनच्या विद्यापीठात गेला. तिथे काही गटांनी त्याला विरोध केला होता, आणि जुलै २०२४ मध्ये वादळाच्या रात्री कुणीतरी त्याचं डोकं तोडलं. शाझियाने तो दुरुस्त करायला नकार दिला. आहे तसाच राहू द्या, म्हणाली.

फोटोंवरून बघता मला हे पुतळे तिच्या कागदावरच्या कामाइतके भावत नाहीत. जी गोष्ट गुडघ्यावर फळी ठेवून होते ती १८ फुटांत पातळ होते. पण आपल्याकडे लोक पुतळ्यांवरून किती तापतात हे माहीत असल्यामुळे, तोडलेलं तसंच ठेवायचा तिचा निर्णय मला धाडसाचा वाटला.

ती एकटी नाही

'आधी' या शब्दाबद्दल म्हणालो होतो. परदेशी लेखांत शाझियाने मेलेली कला एकहाती जिवंत केली असं वाचायला मिळतं. त्यात अतिशयोक्ती आहे. बशीर अहमद नसते तर शिस्त नसती. आणि सीमेच्या अलीकडे, नंदुरबारहून सुरतेमार्गे गाडीने जाता येईल अशा बडोद्यात, नीलिमा शेख यांनी १९८४ मध्येच 'व्हेन चंपा ग्रू अप' ही बारा छोट्या चित्रांची मालिका केली होती. ओळखीतल्या एका मुलीचं बालपण, लग्न, सासरचा छळ आणि जळून झालेला मृत्यू, असं एकामागून एक पान. माध्यम टेम्पेरा, म्हणजे चिकट द्रवात कालवलेले रंग, आकार पोथीच्या पानाचा. हुंडाबळीची बातमी तेव्हा रोजच्या पेपरात चार ओळींत येई. शेखांनी तीच बातमी अशा आकारात काढली की बघणाऱ्याला वाकून, जवळ जाऊनच बघावं लागतं. शाझियाचं घर आणि चंपाचं घर शेजारी ठेवून बघावं, असं मला फार वाटतं.

शाझियानंतर लाहोरच्या त्या विभागात मुलांची रीघ लागली. त्यातल्या सहा जणांनी २००३ मध्ये 'कारखाना' नावाचा उद्योग केला. तोवर ते लाहोर, मेलबर्न, न्यूयॉर्क, शिकागो असे पांगलेले. प्रत्येकाने दोन-दोन वसलींवर चित्र सुरू केलं आणि टपालाने पुढच्याकडे पाठवलं. पुढच्याने त्यावर आपला थर चढवायचा, आधीचं झाकायचं की ठेवायचं ते स्वतः ठरवायचं, आणि पाठवून द्यायचं. बारा चित्रं सहा हातांतून गेली. अकबराच्या चित्रशाळेत उस्ताद वाटून द्यायचा ते काम इथे पोस्टमनने केलं. त्यातलाच इम्रान कुरेशी. २०१३ मध्ये त्याने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या गच्चीवर लाल रंग सांडला. लांबून बघितलं तर बॉम्बस्फोटानंतरची फरशी. वाकून बघितलं तर प्रत्येक डागातून लघुचित्रातली पानं-पाकळ्या उमललेल्या, एकेक रेघ हाताने काढलेली. लोक त्यावरून चालत होते.

या सगळ्यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. पाश्चात्त्य बाजाराला पूर्वेकडचं 'नक्षीदार' काहीतरी हवंच असतं, मग दुकानातला हत्ती काय आणि कलादालनातली गोपी काय? माझं उत्तर असं की फरक चित्रातच तपासावा. दुकानातल्या हत्तीवरची नक्षी पुसली तर हत्ती शिल्लक राहतो, विकायला थोडा कमी किमतीचा. 'द स्क्रोल'मधली परदाख्त काढली तर ती पारदर्शक मुलगीच राहत नाही, कारण ती थरांतूनच तयार झालीय. काही नवलघुचित्रकार या कसोटीला उतरत नाहीत. जुन्या बादशहाच्या हातात मोबाइल दिला की झालं, असं त्यांना वाटतं. ते व्यंगचित्र म्हणून ठीक.

बघायचं असेल तर 'स्पिन'चे तुकडे आणि 'द स्क्रोल'ची चांगली छायाचित्रं इंटरनेटवर मिळतात. 'द स्क्रोल' मोबाइलवर बघताना अख्खी पट्टी एकदम बघू नका, बोटाने मोठं करून एकेक खोली बघत सरका. खरी परदाख्त मात्र पडद्यावर दिसत नाही. त्यासाठी जळगाव-भुसावळहून रात्रीची गाडी धरून मुंबईला जावं आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात लघुचित्रांच्या दालनात दोन तास काढावेत. अकबराच्या चित्रशाळेतल्या 'अन्वर-ए-सुहैली'ची पानं त्या संग्रहात आहेत, पंचतंत्राच्याच वळणाच्या गोष्टी. एखाद्या प्राण्याच्या मानेवरचे केस किंवा झाडाचं एकच पान निवडायचं आणि रेघा सुट्या दिसायला लागेपर्यंत काचेजवळ जायचं. सुरक्षारक्षक हटकतील. त्यांना सॉरी म्हणायचं आणि दुसऱ्या चित्राजवळ जायचं.